कंपनीचं कार्ड बंद होण्याआधी

प्रश्न : मी चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. चार महिन्यांनी ६० पूर्ण होऊन निवृत्त होतोय. कंपनीच्या ४ लाखांच्या मेडिक्लेममध्ये मी, पत्नी (वय ५६) आणि आई (वय ८२) आहोत. मला ७ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, एका गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय. निवृत्तीनंतर देवरुखजवळच्या गावी राहायचा विचार आहे. मुलगा बेंगळुरूहून म्हणतो, ऑनलाइन एक कोटीची पॉलिसी काढा. ओळखीचे एजंट म्हणतात, ज्येष्ठांची पॉलिसी स्वस्त पडेल, फॉर्मवर शुगरचं लिहू नका. शेजारी म्हणतात, सरकारचे पाच लाख आहेतच, हप्ते भरता कशाला? कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलगा आणि शेजारी निम्मे निम्मे बरोबर आहेत. एजंटांचं शुगरबद्दलचं वाक्य मात्र आत्ताच डोक्यातून काढून टाका. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पॉलिसी निवडण्याआधी या आठवड्यात तुम्हाला एचआरकडे जायचंय.

कंपनीची गट पॉलिसी बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. काही कंपन्या पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत चालू ठेवतात. तुमच्याकडे काय होणार ते तोंडी विचारू नका, ईमेल करा. त्याच ईमेलमध्ये आणखी माहिती मागा : विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुम्ही तिघं कोणत्या तारखेपासून सलग कव्हरमध्ये आहात, मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसींचे क्रमांक, आजवरचे क्लेम, आणि निवृत्तांसाठी वेगळी गट पॉलिसी आहे का. नोकरी सुटल्यावर हेच कागद मिळवायला गेटपास काढावा लागतो.

हे कागद लागतात ते 'मायग्रेशन'साठी. गट पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि गटात काढलेल्या वर्षांचं श्रेय प्रतीक्षा काळात (म्हणजे ज्या सुरुवातीच्या मुदतीत काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तिच्यात) धरलं जातं. तुमच्यासारख्या मधुमेही माणसासाठी सगळी किंमत या श्रेयाची आहे. नवी पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. (पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती, २०२४ च्या नियमांनी ती कमी झाली.) आणि मधुमेह म्हणजे फक्त साखर नाही. हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, पायाची न भरणारी जखम, यांतल्या कशाचाही संबंध साखरेशी जोडला जाऊ शकतो. ही तीन वर्षं वाचली तर थोडा जास्त हप्ताही परवडला म्हणायचा.

मायग्रेशनमध्ये तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, श्रेय मिळतं ते जुन्या विमा रकमेपुरतं. तुम्ही ४ लाखांवरून १० लाखांवर गेलात, तर वरच्या ६ लाखांना प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. दोन, गटातून वैयक्तिक पॉलिसीत येताना विमा कंपनी तपासण्या मागू शकते, जास्तीचा हप्ता लावू शकते, नाहीही म्हणू शकते. तीन, कंपनीने मधल्या काळात विमा कंपनी बदलली असेल, तर किती वर्षांचं श्रेय धरणार हे लेखी घ्या. अर्ज कव्हर संपायच्या किमान दीड महिना आधी गेला पाहिजे. निरोप समारंभ आटोपल्यावर सुचलं, तर उशीर झालेला असतो.

याच चार महिन्यांत पत्नीच्या गुडघ्याचाही निर्णय करा. गट पॉलिसीत सांधेबदलाला सहसा प्रतीक्षा नसते, नव्या पॉलिसीत ती दोन ते तीन वर्षांची असते. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेट, मूळव्याध, गर्भाशय काढणं ही त्याच यादीतली नेहमीची नावं. विमा आहे म्हणून गुडघा बदलू नका, पण डॉक्टरांनी 'आज ना उद्या करावंच लागेल' असं सांगितलं असेल, तर ते 'उद्या' कंपनीचं कार्ड चालू असताना येऊ द्या. एक सावधगिरी : बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० किंवा ६० आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस धरलेले असतात, फिजिओथेरपी या नंतरच्या दिवसांत येते. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ऑपरेशन केलं, तर हे पुढचे दिवस मिळणार का, ते टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) आधी विचारा.

आता फॉर्मवर शुगर न लिहिण्याचा सल्ला. हप्ता थोडा कमी बसतो, तपासण्या टळतात, आणि एजंटांची पॉलिसी निघते. खरं काय ते तुम्ही दाखल होता त्या रात्री कळतं. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर विचारतो, 'काका, शुगर कधीपासून?' तुम्ही किंवा घाबरलेल्या काकू सांगतात, 'झाली सात-आठ वर्षं.' तो केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहितो : 'के/सी/ओ डीएम, एचटीएन, आठ वर्षे.' म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब आठ वर्षांपासून माहीत. हे पान टीपीएकडे जातं. पॉलिसी दोन वर्षांची आणि आजार आठ वर्षांचा, फॉर्मवर मात्र 'नाही'. क्लेम नाकारला जातो, वर माहिती लपवली म्हणून पॉलिसीही रद्द होऊ शकते. वयाच्या ६२ व्या वर्षी, पॉलिसी रद्द झाल्याचा शिक्का घेऊन दुसरीकडे जाणं फार कठीण. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण त्या भरवशावर खोटं लिहिणं म्हणजे पाच वर्षं आजारी न पडण्याची पैज लावणं आहे.

तेव्हा फॉर्म स्वतः भरा, एजंटांना भरू देऊ नका. निदानाचा महिना-साल, गोळ्यांची नावं आणि डोस, शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), पत्नीच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं लिहा. आणि घरात तारीख एकच ठरवा, म्हणजे कॅज्युअल्टीत कोणी 'दहा-बारा वर्षं' असं ढोबळ सांगणार नाही. चुकीचं लिहिलं गेलंच, तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या, नंतर ते कोणी करून देत नाही.

पॉलिसी निवडताना लोक विमा रक्कम आणि हप्ता, या दोन आकड्यांवर थांबतात. खिशाला भोक पडतं ते तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यामुळे : खोलीभाड्याची मर्यादा आणि कोपे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा ठरलेला टक्का. हिशेब करूनच बघू.

समजा ५ लाखांची पॉलिसी आहे, खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, आणि कोपे २० टक्के. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, कारण त्या रात्री तीच रिकामी होती. चार दिवसांचं बिल असं : खोली ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट मिळून १,२०,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट १,००,०००. हातमोजे, मास्क, फाइलचे पैसे वगैरे विम्यात न मिळणाऱ्या वस्तू ८,०००. एकूण २,६०,०००.

तुम्हाला वाटेल, खोलीचे रोजचे ३,००० जास्त, म्हणजे १२,००० खिशातून जातील. तसं होत नाही. खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनची फी आणि थिएटरचा दरही बदलतो, म्हणून ते १,२०,००० सुद्धा ५,००० भागिले ८,००० याच प्रमाणात कापले जातात. उरतात ७५,०००. खोलीचे २०,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, ते १,००,००० पूर्ण धरले जातात. बेरीज १,९५,०००. त्यातून २० टक्के कोपे, म्हणजे ३९,००० वजा. विमा कंपनी देणार १,५६,०००, आणि तुमच्या खिशातून जाणार १,०४,०००. पाच लाखांची पॉलिसी असताना, अडीच लाखांच्या बिलावर.

म्हणून एजंटांच्या 'स्वस्त' ज्येष्ठ पॉलिसीचं ग्राहक माहिती पत्रक आधी मागा. प्रत्येक पॉलिसीबरोबर हे दोन-चार पानी पत्रक द्यावंच लागतं. त्यात कोपे, खोलीभाडं, मोतीबिंदूसारख्या आजारांवरची उपमर्यादा आणि प्रतीक्षा काळ हे चार रकाने पेन्सिलीने अधोरेखित करा. ज्येष्ठांसाठीच्या खास पॉलिसींत २० ते ३० टक्के कोपे ही नेहमीची गोष्ट. त्या वाईट असतात असं नाही, दुसरं कुठे दार उघडलं नाही तर त्या कामाला येतात. पण त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं.

तुमच्या बाबतीत दारं ठोठावण्याचा क्रम असा असावा : आधी मायग्रेशन. ते जमलं नाही किंवा त्यातली पॉलिसी फारच तोकडी निघाली, तर नेहमीची, सर्व वयांसाठीची पॉलिसी. विम्याच्या नियमांत आता प्रवेशासाठी ६५ ची अट राहिलेली नाही, तुम्ही तर ६० चे आहात. तिथे नकार आला, तर ज्येष्ठांची खास पॉलिसी किंवा 'आरोग्य संजीवनी'. ही दुसरी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे जवळपास सारख्याच अटींची असते : कोपे फक्त ५ टक्के, पण खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल ५,००० रुपये. देवरुख-रत्नागिरीकडे ही मर्यादा चालून जाईल, पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात वर सांगितलेली कात्री लागेल. आणि एकाच दिवशी पाच कंपन्यांकडे अर्ज टाकू नका. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'यापूर्वी प्रस्ताव नाकारला होता का?' हा प्रश्न असतो.

मुलाच्या एक कोटीचं काय? रक्कम मोठी असावी हे त्याचं म्हणणं बरोबर, पण ती सगळी एकाच पॉलिसीत घेण्याची गरज नाही. तुम्हा दोघांसाठी प्रत्येकी ५ लाखांची, खोलीभाड्याला मर्यादा नसलेली आणि कोपे नसलेली वेगवेगळी पॉलिसी घ्या आणि वर दोघांची मिळून २० लाखांची सुपर टॉप-अप, ५ लाखांच्या डिडक्टिबलची, म्हणजे बिलाच्या पहिल्या ५ लाखांनंतर सुरू होणारी. खालच्या ५ लाखांसाठी फ्लोटर, म्हणजे दोघांची मिळून एकच पॉलिसी, आम्ही मुद्दामच सुचवत नाही. त्यात हप्ता थोरल्याच्या वयावर ठरतो, आणि तुमच्या साखरेचा भार पत्नीच्या पॉलिसीवर कशाला?

सुपर टॉप-अप घेताना 'सुपर' हा शब्द नीट वाचा. साधी टॉप-अप प्रत्येक वेळी दाखल होण्याचा हिशेब वेगळा करते. एका वर्षात ४ लाखांचं एक आणि ३ लाखांचं दुसरं बिल झालं, तर दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून साधी टॉप-अप शून्य देते. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरते : ७ लाखांतून ५ वजा, २ लाख मिळतात. हिलाही स्वतःचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणून नोकरीत असतानाच घेतली तर घड्याळ चार महिने आधी सुरू होतं. कंपनीची पॉलिसी आहे म्हणून स्वतःची घेता येत नाही, असं काही नाही.

गावी जाण्याचा बेत आहे, त्यामुळे आणखी एक अट बघा. बऱ्याच पॉलिसींत शहरांचे झोन असतात. देवरुखच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण पुढे आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला उपचार घेतले आणि ते शहर वरच्या झोनमध्ये असलं, तर १० ते २० टक्के कापले जाऊ शकतात. मोठं ऑपरेशन तुम्ही पुण्या-मुंबईलाच करणार असाल, तर वरच्या झोनचा हप्ता भरा. घराजवळची नेटवर्क रुग्णालयं वेबसाइटवर बघून थांबू नका, रुग्णालयाच्या विमा खिडकीवर फोन करून 'या कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का' असं विचारा. यादीतलं नाव आणि खिडकीवरचं उत्तर यांत फरक निघतो. नेटवर्कबाहेरही कॅशलेस मागता येतं, ठरवून होणाऱ्या उपचाराला ४८ तास आधी कळवून, पण रुग्णालयाची तयारी असेल तरच. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यायची असा नियम आहे. डिस्चार्जच्या दिवशी कोणी 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणालं, तर हे त्यांना ऐकवा.

शेजाऱ्यांच्या पाच लाखांकडे येऊ. आईंच्या बाबतीत त्यांचं म्हणणं पटतं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला ५ लाख, हप्ता नाही, प्रतीक्षा काळ नाही. वय आधारवरून धरतात, तेव्हा आईंच्या आधारवरचं जन्मसाल आधी तपासा. आयुष्मान अ‍ॅपवर ई-केवायसी करून घरबसल्या कार्ड निघतं, अडलं तर १४५५५ वर फोन करा. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. ८२ व्या वर्षी आईंसाठी नवी पॉलिसी शोधण्यात शक्ती घालवू नका. मायग्रेशनमध्ये त्यांचं नाव घेतील का ते विचारा, नाहीतर हे कार्ड आणि बाजूला ठेवलेली रक्कम पुरे.

तुम्हा दोघांना ते कार्ड मिळायला अजून दहा आणि चौदा वर्षं आहेत. तोवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता रंगाचा भेद न करता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्डावर दोघांची नावं आधारप्रमाणे आहेत ना, ते गावी जाण्याआधी बघा. योजना चांगली आहे, पण ती ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच चालते, आणि एखाद्या रुग्णालयाला हृदयविकारासाठी मान्यता असली म्हणून हाडांसाठी असेलच असं नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारल्याशिवाय दाखल होऊ नका. तातडीच्या वेळी विचारायला वेळ नसतो, म्हणून हप्ते भरायचे. दोन्ही असू द्या.

हप्त्याचा अंदाज पुढच्या दहा वर्षांचा करा, फक्त यंदाचा नको. दोघांचा मिळून ५०,००० पासून सुरू झाला आणि दरवर्षी १० टक्के वाढला, तर दहा वर्षांनी १,३०,००० च्या आसपास जातो. ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर विमा कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, हा जानेवारी २०२५ चा आदेश. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. एजंटांच्या कोटेशनमध्ये १८ टक्के दिसत असेल, तर ते कोटेशन जुनं आहे. निवृत्तांच्या गट पॉलिसीला मात्र ही सूट नाही, दोन्हींची तुलना करताना हा फरक धरा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर ज्येष्ठ नागरिकाच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट आहे. आईंची पॉलिसी नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर वेगळे ५०,००० पर्यंत मिळतात, पैसे रोखीने दिलेले नसावेत एवढंच. नव्या प्रणालीत यातलं काही नाही.

ग्रॅच्युइटी हातात आली की त्यातले ३ लाख फक्त दवाखान्यासाठी म्हणून वेगळ्या मुदत ठेवीत टाका. खातं दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचं, कारण दाखल तुम्ही असाल तर पैसे पत्नीला काढावे लागतील. रोजच्या गोळ्या, पट्ट्या, दातांची कामं, न मिळणाऱ्या वस्तू, अनामत रक्कम, सगळं यातूनच भागवायचं.

पुढे कधी क्लेम चुकीचा नाकारला गेला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं.

नवी पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस तुमचे असतात. पटली नाही तर या मुदतीत परत करता येते, तपासण्यांचा आणि झालेल्या दिवसांचा खर्च कापून पैसे मिळतात. या दिवसांत पॉलिसीचं पहिलं पान आधारकार्ड शेजारी ठेवून वाचा. नावांचं स्पेलिंग, जन्मतारखा, मायग्रेशनने मिळालेली वर्षं आणि जाहीर केलेल्या आजारांचा रकाना. तिथे मधुमेह, रक्तदाब आणि पत्नीचा गुडघा नाव घालून लिहिलेले नसतील, तर तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रत जोडून त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत पाठ सोडू नका.